पाडायच्या आधी नोंद तरी करा : नागपूरच्या वारशाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गावोगावच्या वारसा-मंडळांवर लिहिलं होतं, गावाचा इतिहास शोधणारी, जुन्या वास्तू जपायला धडपडणारी जी छोटी छोटी मंडळं असतात ना ती, आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर पाठवा. भरपूर प्रश्न आले. सारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं न छापता फक्त मोहल्ला दिलाय.

प्रश्न (महाल) : आम्ही पाच-सहा पोट्टे आहोत, सगळे नोकरीला लागलेले. दर दोन-चार महिन्यांनी एखादं जुनं घर पाडलेलं दिसते आन् जीव जळतो. एक संस्था काढावी म्हणतो. रजिस्ट्रेशन कसं करायचं, पैसा कुठून आणायचा, आणि सुरुवात कुठून करायची?

भाऊ, तुम्ही रजिस्ट्रेशन आधी विचारलं आणि काम शेवटी, मी उलट क्रमाने सांगतो.

सुरुवात एका गल्लीपासून करा. अख्खा महाल घेऊ नका, किल्ला घेऊ नका, टाउन हॉल घेऊ नका, स्वतःच्या घरामागची एकच गल्ली घ्या आणि तिच्यातल्या प्रत्येक घराची नोंद करा, जुन्याचीही आणि कालपरवा बांधलेल्याचीही. एका घराला एक कागद. त्यावर घर कोणत्या काळातलं म्हणून घरचे सांगतात, भिंत मातीची, विटेची का दगडाची, खांब सागवानी आहेत का, वर कवेलू आहेत का टिन का स्लॅब, आत चौक आहे का, विहीर आहे का आणि तिला पाणी आहे का, दारावर काही कोरलंय का, आणि आज तिथं कोण राहतं, दुकान आहे का गोडाऊन, एवढं लिहा. समोरून एक फोटो सरळ, तिरपा नाही, आणि दार-खिडकी-कोरीवकामाचे जवळून, त्यात बाजूला एक फूटपट्टी ठेवून, म्हणजे पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला माप कळेल. फोटोच्या फाइलला नाव द्या, तारीख द्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवा. मोबाईलमध्ये पडलेले हजार फोटो आणि नोंद केलेले शंभर फोटो यात शंभरच कामाचे, हे मी अनुभवाने सांगतोय.

हे काम दिसायला अगदी साधं आहे, पेपरात फोटो येत नाही, उद्घाटन होत नाही, म्हणून बहुतेक मंडळं ते टाळतात आणि थेट निवेदनं द्यायला पळतात. पण नोंदच नसेल तर निवेदनात लिहिणार काय? 'जुनी वास्तू वाचवा' एवढं लिहिलं की साहेब विचारतात कोणती, किती जुनी, कोणाच्या मालकीची, यादीत आहे का, आणि आपण गप्प. आणि दुसरं म्हणजे वास्तू शेवटी नाहीच वाचली तरी नोंद वाचते. १८६४ साली महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा जळाला, त्यातल्या लाकडी कोरीवकामाची लोक आजही गोष्ट सांगतात, पण खोलीवार खांबावार नोंद कोणी करून ठेवली असती तर आज आपल्या हातात काय असतं विचार करा.

घरात शिरायच्या आधी घरच्यांना विचारा. हे लई महत्त्वाचं आहे. वही-पेन घेऊन पाच पोट्टे दारात उभे राहिले की माणसाला वाटते महापालिकेवाले आले, नाहीतर बिल्डरचे माणसं आले. आधी एकट्याने जा, चहा घ्या, कशासाठी करतोय ते सांगा, नको म्हटलं तर नको. काढलेल्या फोटोंची एक प्रत त्या घरी नेऊन द्या, पुढच्या वेळी तेच लोक तुम्हाला शेजारच्या वाड्यात घेऊन जातील.

आता रजिस्ट्रेशन. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, दोन्हीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चौकशी करा. उद्देश, घटना, नियमावली हे स्वतः बसून लिहा, दुसऱ्या संस्थेचं कॉपी करू नका, कारण पुढे भांडणं होतात ती याच कागदावर होतात. दरवर्षी हिशोब तपासून घ्यायचा, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज द्यायचा, यात आळस केला की पाच-दहा वर्षांनी संस्था कागदावर अडकते आणि चांगली माणसं कंटाळून निघून जातात. पैशाचं म्हणाल तर पहिली काही वर्षं वर्गणीवर भागतं, नोंदीच्या कामाला खर्च कितीसा येतो. मोठी देणगी घ्यायची तर देणाऱ्याला करसवलत लागते, त्यासाठी आयकरवाल्यांकडे संस्थेची वेगळी नोंदणी करून घ्यावी लागते. हे सगळं गल्लीची वही भरल्यावर केलं तरी चालते.

प्रश्न (इतवारी) : आमचा वाडा पणजोबांचा आहे, चार भावांत. दोघांना बिल्डरला द्यायचाय, दोघांना ठेवायचाय. खालच्या भिंतींना ओल येते, दोनदा सिमेंटने प्लास्टर केलं तरी पोपडे निघतात. वाडा हेरिटेज यादीत आला तर आमच्या हातचा जाईल का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत, आधी भिंतीचं बघू कारण ते लवकर सुटतं.

जुनी भिंत चुन्याची असते, ती ओल घेते आणि सोडते, उन्हाळ्यात वाळते. तिच्यावर सिमेंट मारलं की ओल बाहेर यायचा रस्ता बंद होतो, पाणी आत चढत जातं, त्याच्यासोबत क्षार येतात आणि पोपडे धरून प्लास्टर सुटतं, आणि सुटताना जुन्या विटेचा तुकडाही घेऊन येतं. म्हणून तिसऱ्यांदा सिमेंट करू नका. सिमेंट सावकाश छिन्नीने काढा, एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या, आणि मग चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना विझवून काही आठवडे मुरवायचा, त्यात वाळू आणि विटेचा भुगा म्हणजे सुरखी, आणि जुने कारागीर गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर असं घालत. वरून रंगही चुन्याचाच द्या, प्लास्टिक पेंट नको. आणि हे सगळं करायच्या आधी पन्हाळी, मोरी आणि अंगणाचा उतार बघा, बऱ्याच वेळा ओलीचं मूळ तिथंच असतं, भिंत बिचारी उगाच मार खाते.

यादीचं. यादीत नाव आलं म्हणजे सरकारने घर घेतलं असं अजिबात नाही. मालकी तुमची, राहणं तुमचं, भाडं तुमचं, विकायचं तर विकताही येतं. नागपूर महापालिका हद्दीत वारसा वास्तूंची यादी आहे आणि हेरिटेज संवर्धन समिती आहे, वास्तूंना तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत आतबाहेर हात लावायला जवळपास मनाई, मजबुतीकरण तेवढं करता येतं. दुसरीत आतून गरजेप्रमाणे बदल करता येतात, बाहेरचं रूप ठेवून. तिसरीत अजून मोकळीक. पाडायचं किंवा मोठा बदल करायचा तर समितीचं मत घेऊन परवानगी लागते. आणि वारसा-बंधनामुळे जो एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येतं तो हक्क, वापरता येत नाही तो टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा हक्क, म्हणून मिळण्याची तरतूद राज्याच्या बांधकाम नियमावलीत आहे, हे बऱ्याच मालकांना कोणी सांगतच नाही. तुमच्या वाड्याच्या बाबतीत नेमकं काय बसतं ते नगररचना विभागात लेखी अर्ज करून लेखीच उत्तर घ्या, कोणाच्या तोंडी सांगण्यावर चार भावांनी निर्णय करू नका.

एएसआयच्या, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या, संरक्षित स्मारकांचं मात्र वेगळं आहे, तिथे केंद्राचा १९५८ चा कायदा लागतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि घाबरतात.

भावांचं. हे मनापासून लिहितोय, ज्यांना विकायचंय त्यांना वारसा कळत नाही असं म्हणू नका. ज्या घराचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं, जिथं म्हाताऱ्या आईला रात्री उठून चौक ओलांडून मोरीत जावं लागतं, तिथं राहणाऱ्याला फ्लॅट हवासा वाटणं यात काही चूक नाही. वाडा टिकवायचा तर आधी त्यात राहणं सोयीचं करावं लागतं, आत नीट संडास-बाथरूम, नवीन वायरिंग, कवेलूखाली पाणी न गळेल अशी सोय. यातलं काहीही वाड्याच्या रूपाला धक्का न लावता होतं. त्याचा खर्च एका कागदावर मांडा आणि मग चौघं बसा. आणि निर्णय काहीही होवो, बसायच्या आधी वाड्याचं मोजमाप आणि फोटो होऊन जाऊ द्या, आर्किटेक्चर कॉलेजचे विद्यार्थी असं काम अभ्यास म्हणून आनंदाने करतात.

प्रश्न (प्रतापनगर, कॉलेज विद्यार्थिनी) : खरं सांगा, नागपुरात वारसा आहे तरी काय? पुण्याला शनिवारवाडा आहे, औरंगाबादकडे लेण्या आहेत. आपल्याकडे संत्री आणि ऊन.

ताई, काटोल रोडने जुनापाणीला एकदा जा. दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत तिथे, शेकड्याने, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेली, आणि १८७९ मध्ये रिवेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहूनही ठेवलंय. शनिवारवाड्याच्या कितीतरी शतकं आधीची गोष्ट आहे ही. रामटेककडे गेलात तर वाकाटक राजांच्या काळातली मनसर, नगरधन ही ठिकाणं. आणि अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, परमार राजांच्या काळातला शिलालेख आहे, तो अभ्यासकांत नागपूर प्रशस्ती म्हणूनच ओळखला जातो.

शहर म्हणाल तर ते गोंड राजाने वसवलं हे आपल्याच शाळेतल्या पोरांना नीट माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. देवगडच्या बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास इथल्या बारा वाड्या-वस्त्या जोडून गाव उभं केलं, त्याच्या मुलाने चांद सुलतानने तट बांधला, राजधानी इथे आणली, जुम्मा तलाव केला, तोच आपला शुक्रवारी तलाव, गांधीसागर. महालातलं गांधी गेट म्हणजे त्या काळचा जुम्मा दरवाजा. मग रघुजी भोसले आले, पुढे १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६७ मध्ये रेल्वे आली, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याच्या घोषणेच्याच दिवशी, म्हणून ते नाव. १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथला. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली हायकोर्टाची इमारत १९४० ची, रोज तिच्यासमोरून जातो पण थांबून बघतो का आपण? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी, जिथं दरवर्षी लाखो माणसं येतात, ती तर जिवंत आहे. एखाद्या गावाला गोंड, मराठा, इंग्रज, गिरणी कामगार आणि धम्मक्रांती एवढं सगळं एकाच तीन-चार किलोमीटरच्या परिघात मिळतं हे दुसरीकडे दाखवा बरं.

प्रश्न (सदर) : सीताबर्डीचा किल्ला बघायला कधी मिळतो?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सामान्य लोकांना सोडतात, ओळखपत्र ठेवा, सकाळी लवकर जा. जायच्या आधी २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई वाचून जा, आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य एकीकडे आणि टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी. मोठी टेकडी आणि छोटी टेकडी, छोटी भोसल्यांच्या अरब शिपायांनी घेतली होती, हे डोक्यात असलं की वर उभं राहून आजूबाजूला बघताना लढाई समजते. किल्ल्याचं बांधकाम मात्र लढाईनंतरचं, इंग्रजांचं.

प्रश्न (वर्धा रोड) : झिरो माइल खरंच भारताचा मध्य आहे का? मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे.

झिरो माइलचा खांब, जिथं ते चार घोडेही आहेत, तो इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, बैतूल अशा गावांची मैलातली अंतरं कोरली आहेत आणि शेजारी १९०७ चा बेंचमार्क दगड आहे, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, तो मुलाला आवर्जून दाखवा, बहुतेक लोक फक्त घोड्यांसोबत फोटो काढून येतात. फाळणीनंतर देशाचा आकारच बदलला, त्यामुळे आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाचं नाव घेतात. पण खांबाचं मोल मध्य असण्या-नसण्यावर नाहीच, अख्ख्या देशाचं मोजमाप झालं त्या प्रचंड कामाची ती खूण आहे. प्रोजेक्टमध्ये हे लिहायला सांगा.

प्रश्न (धंतोली) : तुम्हा वारसावाल्यांना प्रत्येक रस्ता रुंद करायला, प्रत्येक नवीन कामाला विरोधच असतो. ट्रॅफिकमध्ये अडकून तुम्हीच बघा ना एकदा.

राग समजतो. पण महालातल्या केळीबाग रोडवर सायंकाळी अडकणारे आम्हीही आहोतच, तिथं रुंदीकरण नको असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. आमचं म्हणणं एवढंच असतं की काम ठरवायच्या आधी, नकाशा कागदावर असतानाच, त्या रेषेत काय काय येतं हे बघा. मग दोन मीटर इकडे-तिकडे सरकवून एखादी जुनी विहीर किंवा देवळाचा ओटा वाचतो, आणि जे वाचत नाही त्याची नोंद तरी होते, कोरीव खांब संग्रहालयात जातो. जेसीबी उभा राहिल्यावर धावपळ केली की तो विरोधच दिसतो, आणि काम थांबून तुमचाही वेळ जातो. २०२० मध्ये कस्तुरचंद पार्कात खोदकाम करताना जुन्या तोफा निघाल्या होत्या, आठवत असेल. जमिनीखाली काय आहे हे या शहरात खरंच सांगता येत नाही, म्हणून जुन्या भागात खोदताना जाणकार माणूस हजर असावा ही मागणी मी करतच राहणार.

प्रश्न (जगनाथ बुधवारी) : आमच्याकडची पिवळी मारबत सगळ्या नागपूरला माहीत आहे. पण वारसा म्हटलं की सगळे दगड-विटांचंच बोलतात. मारबत वारशात येते का?

येते म्हणजे काय, हाव, नक्की येते! बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मारबत म्हणजे मिरवणुकीने नेतात तो बांबू-कागदाचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासूनची आणि तुमची पिवळी १८८५ पासूनची सांगतात, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खी इतवारी रस्त्यावर येते, असं दुसऱ्या गावात मी तरी पाहिलं नाही. पण मिरवणुकीचे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामागचं काम कोणी टिपत नाही. मारबत बांधायला कधीपासून बसतात, बांबू-कागद-बांधणी कशी, रंग कोणता, कोणत्या घरांकडे कोणतं काम पिढ्यान्पिढ्या आहे, बायकांचे नवस काय असतात, आणि बडग्यावर, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या, चालू घडामोडींवर टीका करणाऱ्या पुतळ्यावर, त्या त्या वर्षी काय लिहिलं होतं. ही बडग्यांची दरवर्षीची यादी कोणी केली तर शहर कोणत्या वर्षी कशावर चिडलं होतं त्याचा इतिहासच हाती येईल. हे काम बाहेरून येणाऱ्या अभ्यासकापेक्षा तुमच्या बुधवारीतल्या पोरापोरींनी करावं, कारण जी गोष्ट आजी तुम्हाला सांगेल ती माइक घेऊन आलेल्या पाहुण्याला सांगणार नाही.

प्रश्न (जुनी शुक्रवारी) : माळ्यावर एका ट्रंकेत मोडीतले कागद सापडले. वाळवी लागायला लागलीय. लॅमिनेट करून घेऊ का?

नका करू! लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री, उन्हात वाळवणं, यातलं काहीही करू नका, लॅमिनेट केलेला कागद परत सोडवता येत नाही. टाचण्या हळूच काढा, मऊ ब्रशने धूळ झटका, ज्या क्रमाने गठ्ठे होते तो क्रम लिहून ठेवा आणि मगच हलवा. वाळवी लागलेले वेगळे करा. प्रत्येक कागदावर पेनाने नाही तर सोबतच्या चिठ्ठीवर नंबर द्या, खिडकीजवळच्या मऊ उजेडात फ्लॅश न मारता फोटो काढा, धुतलेल्या मांजरपाटात बांधून बाहेरच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून बघा. वाचून घ्यायचं असेल तर नागपुरात पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, तिथं मोडी जाणणाऱ्यांची माहिती मिळेल, आणि १९३४ पासूनचं विदर्भ संशोधन मंडळही आपल्याच गावात आहे. घरातल्या कोणी मोडी शिकायला घेतली तर सगळ्यात उत्तम, काही महिन्यांत सोपी पत्रं लागायला लागतात. मूळ कागद 'बघून परत देतो' म्हणणाऱ्याच्या हातात पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न (गणेशपेठ) : माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, आता वय झालंय. त्यांच्याकडे कागद नाहीत, वाडा नाही, फक्त गोष्टी आहेत. कोणत्या संस्थेला याचा उपयोग होईल का?

लई उपयोग होईल आणि वाट बघू नका. मिलच्या इमारती गेल्या, तिथं आता मॉल आहे. कंपनीच्या रेकॉर्डात किती सूत निघालं ते असेल, पण पाळी बदलताना भोंगा झाला की कोणत्या रस्त्याने किती माणसं निघायची, डबा कोण आणायचं, खात्यात कापसाचे तंतू उडून खोकला लागायचा तो कसा, संपात घर कसं चालवलं, हे फक्त तुमच्या वडिलांसारख्यांच्या डोक्यात आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पंखा बंद करून, एका वेळी अर्धा-पाऊण तासच, थकवू नका. सुरुवातीला तारीख, जागा, त्यांचं नाव, खातं आणि त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या. 'मिल कशी होती' असं विचारू नका, उत्तर 'चांगली होती' एवढंच येतं. पहिल्या दिवशी गेटमधून आत गेल्यावर उजव्या हाताला काय होतं ते विचारा, मशीनचं नाव विचारा, जोडीदाराचं नाव विचारा. मिलचा एखादा जुना फोटो मिळाला तर तो हातात द्या आणि त्यातल्या माणसांची नावं फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्या. रेकॉर्डिंगची एक प्रत आमच्याकडे पाठवली तर गिरणी कामगारांच्या आठवणींचं काम करणाऱ्या मंडळापर्यंत पोचवतो, मूळ प्रत तुमच्याकडेच राहील. आणि वडिलांसोबत काम केलेले अजून कोणी गणेशपेठेत, जुन्या बस्तीत असतील तर त्यांनाही एका दुपारी घरी बोलवा, दोघं समोरासमोर बसले की एकाचं विसरलेलं दुसऱ्याला आठवतं.